जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांतील उत्पादन-नियोजन, वाशीम जिल्ह्यातील

वेचलेल्या कापसातून सरकी वेगळी काढणे आणि निघालेली रुई दाबून तिच्या गाठी बांधणे ही दोन कामे करणाऱ्या कारखान्यांत माल, यंत्रे, मजूर व वेळ यांचा मेळ घालण्यासाठी वेळोवेळी अवलंबिलेल्या पद्धतींचा इतिहास. विदर्भातील अनेक गावांचा यंत्रोद्योगाशी पहिला परिचय या कारखान्यांमुळेच झाला. वाशीम जिल्ह्यात कारंजा, वाशीम, मंगरूळपीर इ. ठिकाणी हा उद्योग वाढला. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्याचा कच्चा माल वर्षातून चार-पाच महिनेच येतो व त्या काळातही रोज सारखा येत नाही. त्यामुळे येथील कार्यक्षमतेचा प्रश्न केवळ यंत्राच्या वेगाचा कधीच नव्हता. शेत, बाजार, लोहमार्ग आणि मजुरांचे कामाचे तास यांच्याशी तो प्रारंभापासून निगडित राहिला.

पार्श्वभूमी : वाशीम हे ब्रिटिश अमदानीतील वऱ्हाडच्या एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. १९०५ मध्ये हा जिल्हा मोडून त्याचे वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोला जिल्ह्यास जोडण्यात आले. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा सध्याचा जिल्हा अस्तित्वात आला. जुन्या जिल्ह्यात कारंजा नव्हते; ते मूर्तिजापूर तालुक्यात मोडे. कापसाच्या व्यापारात मात्र कारंजाचे स्थान मोठे होते.

यंत्रे येण्यापूर्वी सरकी काढण्याचे काम घरोघर चरकीवर होत असे. दोन रुळांमध्ये कापूस धरून एका हाताने दांडा फिरवावयाचा, या पद्धतीने एका माणसाची दिवसभरात काही शेरच रुई निघे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापसाचा पुरवठा तुटला व इंग्लंडमधील गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसाकडे लक्ष वळविले. याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचली (१८६७). सैल रुई आगगाडीने नेणे परवडत नसल्याने ती दाबून बांधण्याच्या वाफेवर चालणाऱ्या प्रेस प्रथम लोहमार्गालगतच्या गावांत निघाल्या आणि त्यामागोमाग जिनांचाही प्रसार झाला. वाशीम गाव लोहमार्गापासून बराच काळ दूर राहिल्याने तेथील माल बैलगाड्यांनी अकोल्याकडे जाई. कारंजाला मात्र विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंदमापी लोहमार्गाचा लाभ झाला. कापसाच्या वाहतुकीसाठीच मुख्यत्वे बांधलेला हा मार्ग पुढे ‘शकुंतला’ या नावाने ओळखला गेला.

बाजार : हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशान्वये १८८६ मध्ये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला. भारतातील नियंत्रित बाजारांपैकी हा पहिला मानला जातो. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजारविषयक कायद्याने अशा बाजारांना निश्चित चौकट दिली. या घटनेकडे सामान्यतः शेतकऱ्याच्या संरक्षणाच्या दृष्टीने पाहिले जाते, परंतु कारखान्याच्या दृष्टीनेही तिला महत्त्व होते. ठरलेल्या जागी व ठरलेल्या वेळी माल एकत्र येऊ लागल्यामुळे त्या दिवशी किती गाड्या आल्या, त्यांतील माल कोरडा किती व ओला किती, याचा अंदाज जिनवाल्यास सकाळीच बांधता येऊ लागला. उत्पादन-नियोजनाची पहिली पायरी अशा रीतीने कारखान्याच्या आवाराबाहेर, बाजाराच्या मैदानात घातली गेली.

उत्पादनाचे टप्पे व त्यांचा समतोल : वऱ्हाडात प्रामुख्याने रुळाची जिने रूढ झाली. त्यांचे मूळ तत्त्व फोन्स मॅकार्थी या अमेरिकी संशोधकाने १८४० मध्ये मांडले. कातडी चकत्यांचा फिरता रूळ कापसाचे तंतू ओढून घेतो, स्थिर पाते सरकी अडवून धरते आणि हलते पाते ती झटकून खाली पाडते. दुहेरी रुळाच्या जिनात असे दोन रूळ असतात. जुन्या कारखान्यांत जिनांच्या ओळी मांडलेल्या असत व त्या सर्वांना एकाच इंजिनापासून लांब शाफ्ट व पट्टे यांच्या द्वारा गती मिळे. प्रथम वाफेची व नंतर तेलावर चालणारी इंजिने वापरात होती. इंजिन थांबले, की सारी ओळ थांबे. पुढे प्रत्येक जिनास स्वतंत्र विद्युत् चलित्र बसविण्याची पद्धत आली आणि एका जिनातील बिघाडाचा परिणाम त्या एकट्या जिनापुरता मर्यादित झाला. उत्पादनरेषेच्या सुधारणेतील ही एक महत्त्वाची पायरी होय.

गाडी रिकामी करणे, कापूस वाळविणे व निवडणे, जिनाला कापूस पुरविणे, रुई गोळा करणे, ती कोठारात साठविणे, प्रेसमध्ये दाबणे आणि गाठीवर खुणा घालणे असे कामाचे टप्पे पडतात. त्यांचा परस्परसंबंध एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका कारखान्यात जुन्या पद्धतीची २४ दुहेरी जिने असून प्रत्येकातून ताशी ५० किग्रॅ. रुई निघते असे धरल्यास ताशी १,२०० किग्रॅ., म्हणजे १७० किग्रॅ. वजनाच्या सुमारे ७ गाठींपुरती रुई मिळते. १०० किग्रॅ. कापसातून सुमारे ३४ किग्रॅ. रुई मिळते असे मानले, तर त्यासाठी ताशी सुमारे ३५ क्विंटल कापूस लागेल. दहा तासांच्या पाळीत हा आकडा ३५० क्विंटलांवर जातो. एका बैलगाडीत १० क्विंटल माल धरला, तर रोज सु. ३५ गाड्या रिकाम्या व्हावयास हव्यात. प्रेसची क्षमता ताशी १० गाठींची असेल, तर तिचे दिवसाचे काम सात तासांतच संपेल. अशा कारखान्यात अधिक वेगवान प्रेस आणून एकही गाठ वाढणार नाही. उलट दोन जिने रुळांच्या दुरुस्तीसाठी दिवसभर बंद राहिल्यास सहा गाठी कमी होतील. रेषेची क्षमता तिच्यातील सर्वांत मंद टप्प्याइतकीच असते, हे तत्त्व येथे प्रत्ययास येते. अनुभवी व्यवस्थापक म्हणूनच जिने अधिक तास चालवून रुई कोठारात साठवीत आणि प्रेस थोडे तास, पण न थांबता चालवीत.

यंत्राबाहेरील कारणेही तितकीच परिणामकारक असतात. पौष महिन्यात दवाने भिजलेला कापूस सकाळीच जिनाला लावल्यास तंतू रुळाला गुंडाळतात, सरकी फुटते व वेग मंदावतो. कापसातील ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास असणे इष्ट असते. त्यासाठी माल उन्हात पसरण्यास मोकळी जागा लागते. रूळ झिजल्यावर त्यांच्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात आणि पात्यांची जुळणी करावी लागते. हे काम हंगाम सुरू होण्यापूर्वी व रोजच्या ठरलेल्या वेळी केले, तर ऐन भरात खोळंबा होत नाही.

वेग आणि शुद्धता : एका प्रतीचा माल संपवून दुसऱ्या प्रतीचा घेताना जिने, जमीन व कोठार झाडून काढावे लागतात. माल लहान लहान ढिगांत आलेला असेल, तर या झाडझुडीतच पुष्कळ वेळ जातो. तो वाचविण्याचा सोपा उपाय म्हणजे निरनिराळ्या प्रतींचा कापूस एकत्र करणे. हा मोह व्यापाऱ्यांच्या लबाडीइतकाच घातक ठरला. १९१७ मध्ये नेमलेल्या भारतीय कापूस समितीने भेसळ, रुईवर पाणी मारणे, प्रतींची मिसळ इ. दोषांकडे लक्ष वेधले. तिच्या शिफारशींनुसार १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि १९२४ मध्ये मुंबईत माटुंगा येथे तंत्रसंशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने अधिनियमाने कामाच्या नोंदवह्या ठेवणे आणि प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणे बंधनकारक केले. ठरावीक संख्येपेक्षा अधिक जिने असलेल्या नव्या कारखान्यांत कापूस आत आणण्याची वाट व रुई बाहेर नेण्याची वाट वेगळी असावी, तसेच प्रेसघराची जमीन फरसबंद असावी, अशीही तरतूद त्यात होती. मालाचा प्रवाह एकाच दिशेने वाहिला पाहिजे हा कारखान्याच्या मांडणीचा नियम येथे कार्यक्षमतेसाठी नव्हे, तर मालाच्या शुद्धतेसाठी कायद्यात आला. मात्र त्याचा लाभ दोहोंनाही झाला.

मजूर व कामाचे तास : जिनांना कापूस पुरविणे, टोपल्यांतून तो वाहून आणणे, कवडी व पालापाचोळा निवडणे ही कामे मुख्यतः स्त्रिया करीत. हंगाम थोडा आणि माल फार, अशा स्थितीत उत्पादन वाढविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे कामाचे तास वाढविणे हा होता. मुंबई सरकारने १८८४ मध्ये नेमलेल्या कारखाना आयोगापुढे खानदेशातील जिनांविषयी आलेल्या साक्षींत पहाटेपासून रात्रीपर्यंत, तर ऐन हंगामात दिवसरात्र त्याच मजुरांकडून काम घेतले जात असल्याचे वर्णन आहे. १८८१ च्या कारखाना अधिनियमातून वर्षात चार महिन्यांहून अधिक न चालणारे कारखाने वगळलेले असल्याने जिनांना त्याचा फारसा जाच नव्हता. १९०७–०८ च्या कारखाना-मजूर आयोगानेही जिनांतील अतिरिक्त तासांची दखल घेतली आणि १९११ च्या अधिनियमाने हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले. १९३४ च्या अधिनियमात हंगामी व बारमाही असा भेद करून हंगामी कारखान्यांना अधिक तासांची मुभा देण्यात आली. हा भेद १९४८ च्या अधिनियमाने नाहीसा केला. ज्या भागात कापूस मोकळा करण्याचे यंत्र चालू आहे, त्या भागात स्त्रिया व मुले यांना कामावर ठेवण्यास याच अधिनियमाच्या कलम २७ ने मनाई केली. यंत्राचे माल घालण्याचे तोंड भिंतीने वेगळे केलेले असल्यास मात्र सवलत होती.

तास मर्यादित झाल्यावरच कारखानदारांना वेळेच्या आतील उपयोगाचा विचार करणे भाग पडले. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९१३ मध्ये हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात फिरती जोडणी-रेषा सुरू झाली. या विचारांचा प्रभाव मुंबईच्या कापडगिरण्यांवर पडला. तेथे एका कामगाराकडे अधिक यंत्रे सोपविण्याच्या योजनांना कामगारांनी तीव्र विरोध केला व १९२८ चा सार्वत्रिक संप हा त्याचाच एक परिणाम होता. जिनांतील विखुरलेल्या, हंगामी व बहुतांशी स्त्री-मजुरांना असा संघटित प्रतिकार करणे शक्य नव्हते. येथे त्यांचे संरक्षण झाले ते प्रामुख्याने कायद्याने.

स्वातंत्र्योत्तर काळ : आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या उत्पादकता पथकाने १९५२–५४ मध्ये भारतातील कापड व इतर उद्योगांत कार्य-अभ्यासाची प्रात्यक्षिके केली. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. महाराष्ट्रात १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना अंमलात आली. सर्व कापूस एकाच यंत्रणेमार्फत खरेदी होऊ लागल्याने जिनांना मालाची शाश्वती मिळाली. परंतु कोणत्या जिनात किती माल, केव्हा उतरवावयाचा याचा निर्णय कारखान्याबाहेर होऊ लागला. आवक एकदम वाढली, की केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागत आणि आवारात कापसाच्या गंजी साचत. अशा गंजींना आगीचे भय असते. शिवाय खालचा माल दबून त्याची प्रत उतरते. प्रथम आलेला माल प्रथम जिनाला लावणे, गंजींमध्ये अंतर राखणे व प्रतवारीनुसार त्या वेगळ्या ठेवणे हे साधे नियम अशा वेळी यंत्राइतकेच मोलाचे ठरतात. २००२ नंतर ही मक्तेदारी शिथिल होत गेली.

आधुनिकीकरण : नागपूर येथे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले. केंद्र शासनाने २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान मोहीम हाती घेतली. तिच्या चार उपमोहिमांपैकी तिसरी बाजार-आवारांच्या व चौथी जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या सुधारणेसाठी होती. पूर्वी अनेक ठिकाणी सरकी एका आवारात काढून सैल बांधलेले रुईचे बोजे दुसऱ्या आवारातील प्रेसकडे नेले जात व वाटेत त्यांत धूळ, सुतळी, चिंध्या मिसळत. नव्या मांडणीत दोन्ही कामे एका छपराखाली आली. कापूस हवेच्या झोताने नळ्यांतून, तर रुई सरकत्या पट्ट्यांवरून पुढे जाऊ लागली. कापूस स्वच्छ करणारी यंत्रे, जिनाला आपोआप माल पुरविणारी साधने आणि मोठ्या क्षमतेची जिने यांमुळे टप्प्यांमधील थांबे कमी झाले. टोपल्या वाहणाऱ्या व जिनापुढे बसणाऱ्या स्त्रियांची गरजही त्याच प्रमाणात घटली. जी बचत कारखान्याच्या हिशोबात कार्यक्षमता म्हणून दिसते, ती गावात हंगामी रोजगाराची घट म्हणून दिसते.

मूल्यमापन : १९९० नंतर वाशीम जिल्ह्यात सोयाबीनचा प्रसार झपाट्याने झाला आणि कापसाखालील क्षेत्र आक्रसले. मोठ्या क्षमतेच्या यंत्रावरील व्याज व घसारा वर्षभर चालू राहतो. माल मात्र काही आठवडेच मिळाला, तर ताशी उत्पादन दुप्पट होऊनही दर गाठीमागील खर्च घटत नाही. कारंजाचा नियंत्रित बाजार, १९२५ चा अधिनियम आणि अलीकडील आधुनिकीकरण या तिन्ही टप्प्यांवरून एकच निष्कर्ष निघतो : जिनाची कार्यक्षमता शेतातील वेचणीपासून गाठ आगगाडीत किंवा मालमोटारीत चढेपर्यंतच्या संपूर्ण साखळीवर अवलंबून असते. तिच्यातील एकच कडी वेगवान केल्यास खोळंबा नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या कडीवर जाऊन पडतो. आणि पूर्वीच्या काळी तो बहुधा मजूर स्त्रीच्या विश्रांतीच्या वेळेवर पडत आला.