रक्तांतील विळा

देवीच्या रोगावर जेन्नरनें १७९६ सालीं टोंचणीचा उपाय काढला, तेव्हां त्या रोगाचें कारण त्याला किंवा दुसऱ्या कोणालाहि ठाऊक नव्हतें. उपाय आधीं व कारण मागाहून, असे प्रसंग वैद्यकाच्या इतिहासांत पुष्कळ आहेत. याच्या नेमका उलट इतिहास सिकलसेल या आनुवंशिक रोगाचा आहे. ज्याचें कारण थेट रेणूपर्यंत जाऊन सर्वांत प्रथम सांगतां आलें तो हा रोग. आणि तरीहि रोग्याच्या स्वतःच्याच पेशी सुधारून त्यास बरें करण्याची विद्या साध्य होण्यास त्यानंतर पाऊणशें वर्षें लागलीं. हीं वर्षें कशांत गेलीं, तें पाहणें उद्बोधक आहे. आणि विदर्भांत व सातपुड्यांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या नांदत असल्यामुळें आपणांस तर तें अगत्याचेंहि आहे.

१९०४ सालच्या अखेरीस वॉल्टर क्लेमेंट नोएल नांवाचा ग्रेनेडा बेटांतील एक तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठीं शिकागो येथें आला होता. तो आजारी पडून रुग्णालयांत आला असतां अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरानें त्याचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. निरोगी तांबडी पेशी वाटोळी व चपटी असते; येथें कांहीं पेशी लांबट, वांकड्या, विळ्यासारख्या दिसल्या. आयर्न्सचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनीं तर्कवितर्कांचा पसारा मांडला नाहीं. जें दिसलें तें लिहून ठेविलें. नोएल शिक्षण पुरें करून मायदेशीं परतला, तेथें दांतांचा वैद्य म्हणून धंदा करूं लागला, आणि १९१६ सालीं वारला. पुढें १९२२ सालीं व्हर्न मेसन यांनीं रोगास नांव दिलें, आणि १९२७ सालीं हान व गिलेस्पी यांनीं दाखविलें कीं, प्राणवायु कमी पडला म्हणजे या पेशी वांकतात.

दोष पेशींत आहे कीं पेशींतील द्रव्यांत आहे, या प्रश्नाचा निकाल १९४९ सालीं लागला. लिनस पॉलिंग, हार्वे इटानो व त्यांचे सहकारी यांनीं निरोग्याचें व रोग्याचें हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रांत ठेवून पाहिलें, तों दोन्ही निरनिराळ्या गतीनें सरकलीं. म्हणजे दोष रेणूंतच होता. त्याच वर्षीं जेम्स नील यांनीं आनुवंशिकतेचा हिशेब मांडला. आईबापांपैकीं एकाकडूनच सदोष जनुक मिळालें, तर माणूस केवळ वाहक होतो व बहुधा निरोगीच राहतो. दोघांकडूनहि मिळालें, तर मूल रोगी होतें. १९५६-५७ सालीं केंब्रिजच्या व्हर्नन इंग्राम यांनीं दोषाची जागा नेमकी दाखविली. हिमोग्लोबिनच्या एका साखळींत १४६ अमिनो आम्लें असतात. त्यांतील सहाव्या जागीं ग्लुटॅमिक आम्लाऐवजीं व्हॅलिन आलेलें असतें. एवढ्याशा बदलामुळें, प्राणवायु सोडून दिल्यावर हे रेणू एकमेकांस चिकटून त्यांच्या लांब काड्या बनतात, पेशी ताठरते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि हाडांत व छातींत असह्य वेदना उठतात. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही वीस दिवसहि जेमतेम काढते.

आपल्या देशांत या जनुकाचा पत्ता १९५२ सालीं लेहमन व कटबुश यांस निलगिरीच्या आदिवासींत लागला. मध्य हिंदुस्थानांतील वाहकांविषयीं शुक्ल व सोलंकी यांनीं १९५८ सालीं लिहिलें. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार या भागांत तें बरेंच पसरलेलें आहे. इतकें घातक जनुक टिकून कसें राहिलें, याचा उलगडा अँथनी ॲलिसन यांनीं १९५४ सालीं केला. वाहकास तीव्र हिंवतापापासून पुष्कळसें संरक्षण मिळतें. जेथें हिंवतापानें मुलें दगावत, तेथें वाहक तगले, आणि त्यांच्याबरोबर हें जनुकहि तगलें. तेव्हां या रोगास कोणत्याहि जातीचा किंवा कुळाचा कलंक मानणें हें निव्वळ अज्ञान होय.

कारण असें हातीं आलें. पण तेवढ्यानें रोग्याची वेदना तिळभरहि कमी झाली नाहीं. जनुकाला हात लावण्याचें साधन कोणापाशींच नव्हतें. रक्तपेशी हाडांतील मज्जेमधल्या मूलपेशींपासून जन्मभर उत्पन्न होत असतात. म्हणून मज्जाच बदलावी, हा मार्ग तेवढा मोकळा होता. रक्ताच्या कर्करोगावर हा उपाय रूढ करणारे डॉनल थॉमस यांस १९९० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अमेरिकेंत मेम्फिस येथें एका आठ वर्षांच्या मुलीस रक्ताचा कर्करोग व सिकलसेल हे दोन्ही रोग होते. कर्करोगासाठीं तिला दुसऱ्याची मज्जा दिली, आणि सिकलसेलहि नाहींसा झाला. ही हकीकत १९८४ सालीं प्रसिद्ध झाली. परंतु मज्जा जुळणारी लागते, आणि सख्ख्या भावंडाचीहि जुळण्याचा संभव चारांत एकच. शिवाय परक्या पेशी कधीं कधीं नव्या शरीरावरच उलटतात. त्यामुळें बहुतेक रोगी या उपायास मुकले.

या कोंडींतून वाट निघाली ती एका बाजूस पडलेल्या निरीक्षणांतून. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनीं १९४८ सालीं, म्हणजे पॉलिंग यांच्याहि आधीं, असें नमूद केलें होतें कीं, ज्या मुलांस पुढें हा रोग व्हावयाचा त्यांच्याहि पेशी जन्मतः फारशा वांकत नाहींत. गर्भांतील बाळाचें हिमोग्लोबिन निराळें असतें. तें जन्मानंतर कांहीं महिन्यांत ओसरतें, आणि मग रोग प्रकट होतो. कांहीं माणसांत तें मोठेपणींहि टिकतें व त्यांचा रोग सौम्य राहतो. भारतीय रोग्यांपैकीं पुष्कळांत तें आफ्रिकी वंशाच्या रोग्यांपेक्षां अधिक आढळतें. मात्र विदर्भांत तीव्र रोगीहि कमी नाहींत. १९९५ सालीं हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा उपयोग सिद्ध झाला, तोहि बहुतांशीं हेंच हिमोग्लोबिन वाढविल्यामुळें. तें बंद पाडणारी कळ कोणती, हें २००८ सालीं विजय शंकरन व स्टुअर्ट ऑर्किन यांच्या संशोधनानें दिसून आलें. तिचें नांव बीसीएल-११ए.

२०१२ सालीं जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पांतिये यांनीं क्रिस्पर ही जनुक कापण्याची कात्री तयार केली. मग रोग्याच्याच मूलपेशी काढून, त्यांतील ती कळ रक्तपेशींपुरती निकामी करून, त्या त्यास परत देण्याची कल्पना पुढें आली. या उपायास ब्रिटननें नोव्हेंबर २०२३ मध्यें व अमेरिकेनें डिसेंबर २०२३ मध्यें मान्यता दिली. अमेरिकेंत मान्यतेच्या वेळीं तपासलेल्या ३१ रोग्यांपैकीं २९ जण लागोपाठ किमान बारा महिने तीव्र वेदनेच्या झटक्यांपासून मुक्त राहिले होते. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. सहाव्या जागेची चूक या उपचारानें दुरुस्त होत नाहीं. ती आहे तेथेंच राहते. बाळपणीं मावळलेलें हिमोग्लोबिन पुन्हां जागें होतें, एवढेंच. पाऊणशें वर्षांचा शोध दोषापासून निघाला आणि शरीराच्या जुन्या सामर्थ्यापाशीं येऊन पोंचला.

कारण आणि उपाय यांमधील अंतर याप्रमाणें तुटलें. उपाय आणि रोगी यांमधील अंतर अद्यापि तुटावयाचें आहे. अमेरिकेंत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यांत आली. त्याआधीं जुनी मज्जा तीव्र औषधानें रिकामी करावी लागते, आणि त्यांत अपत्यप्राप्तीची शक्ति गमावण्याचा धोका असतो. म्हणून गडचिरोलीच्या खेड्यांतील मुलास आज जें मिळूं शकतें तें म्हणजे वेळेवर तपासणी, हायड्रॉक्सियुरिया, आणि जंतुदोषापासून जपणूक. मध्यवर्ती सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली असून, चाळीस वर्षांखालील सुमारें सात कोटी लोकांच्या तपासणीचा संकल्प केला आहे. संकल्प उत्तम आहे. पण या बाबतींत इतिहासाची एक ताकीद आहे. १९७० नंतरच्या दोनतीन वर्षांत अमेरिकेंतील अनेक राज्यांनीं कृष्णवर्णीयांची रक्ततपासणी सक्तीची केली. वाहक आणि रोगी यांतील भेद लोकांस उमगला नाहीं, आणि निरोगी वाहकांच्या नोकऱ्या व विमे धोक्यांत आले. अखेर १९७२ सालच्या कायद्यानें ऐच्छिक तपासणीलाच साहाय्य देण्याचें ठरलें.

आपल्याकडे अशा गैरसमजाचा पहिला आघात मुलींच्या लग्नावर होईल. वाहक मुलीच्या हातांत कागद पडेल, आणि त्याचा अर्थ गांव आपल्या मतीप्रमाणें लावील. दोन्ही वाहक एकत्र आले तरच मुलांस भय असतें, तेंहि प्रत्येक मुलास चारांत एक, ही साधी गोष्ट त्या कागदाबरोबर घरोघर गेली पाहिजे. ती सांगावयास प्रयोगशाळा लागत नाहीं कीं लक्षावधि डॉलर लागत नाहींत. शाळामास्तर, परिचारिका आणि आपल्यासारखीं शिकलेलीं घरें यांनीं मनावर घेतलें तर तेवढें काम आजच होण्यासारखें आहे.