चिखलाची बाटली सांभाळा

कोट कशाला घातलात? काढून हातावर टाका. नेपल्सचा जून आहे, साल १९७५, आणि तुम्हाला पिन्यासेक्काच्या बाजारातून वाट काढायची आहे. पायाखाली माशांचं पाणी. एका कानाशी कोळंबीवाला ओरडतोय, दुसऱ्या कानाशी लिंबंवाली. मधूनच एखादी व्हेस्पा पोटरीला घासून जाते. तळणाच्या वासानं भूक खवळेल, पण थांबू नका. मोन्तेसान्तोहून कुमाना गाडी पकडायची आहे.

आन्यानोला उतरलात की वास बदलतो. आधी वाटतं, कुणाच्या टोपलीत अंडी नासली असावीत. मग कळतं, वास जमिनीचाच आहे. पुढे राखाडी चिखल आधणासारखा रटरटतोय. चष्म्यावर वाफ, घशात खवखव, बुटाच्या तळातून चटका. काठीला बांधलेली बाटली बुडवा. थेंबही अंगावर घेऊ नका, उकळीला टेकलेलं आम्ल आहे ते. आणि यात जीव राहतात! नुसते तगून नाहीत, चांगले वाढतात.

बाटली फडक्यात गुंडाळून पुढची गाडी धरा. डब्यात चेंगराचेंगरी. शेजारच्या आजीबाई नाक मुरडून खिडकी उघडतात, तर बान्योलीच्या पोलाद कारखान्याचा धूर आत शिरतो. पोत्सुओली आलं की समुद्राकडे बघा. पाच वर्षांपूर्वी इथली जमीन फुगून वर आली आणि रिओने तेर्रा ही अख्खी जुनी वस्ती रिकामी करावी लागली. घरं उभी आहेत, बिऱ्हाडं नाहीत. तुमच्या मांडीवरची बाटली अजून कोमट आहे.

आर्को फेलीचेला मारिओ दे रोझा आणि आगाता गाम्बाकोर्ता यांची प्रयोगशाळा. इथे क्लोरोफॉर्मचा गोडसर वास. चिखलातून वेगळे काढून वाढवलेले आणि वाळवलेले जीव सॉक्सलेटच्या काचनळीत ठेवलेत. द्रावक उकळतो, वर चढतो, टपटप खाली येतो, पुन्हा उकळतो. तासन्‌तास. शेवटी चंबूच्या तळाशी उरतो मेणचट थर. एवढ्यासाठीच ती पायपीट.

इथे सगळे या जिवांना जिवाणूच म्हणतात. काही वर्षांत त्यांचा वंशच वेगळा ठरणार आहे. तुम्ही गप्प राहा. थराकडे बघा, ती या जिवांच्या पडद्याची चरबी आहे. तुमच्या पेशींच्या आवरणात चरबीचे रेणू दोन थरांत, शेपटीला शेपटी भिडवून उभे असतात आणि त्यांचे एस्टर बंध आम्लात तुटतात. या चिखलातल्या जिवांचे बंध ईथरचे. शिवाय त्यांचा बराचसा पडदा एकेरी: एकच लांब रेणू या काठापासून त्या काठापर्यंत, म्हणून दोन पदर सुटायचा प्रश्नच नाही.

केंब्रिजजवळ अ‍ॅलेक बँगहॅम यांनी अंड्याच्या लेसिथिनचे सूक्ष्म फुगे, म्हणजे लायपोसोम, दाखवून दहा वर्षं झालीत. त्यांत औषधं भरून बघणंही सुरू झालंय. पण जठरातलं आम्ल आणि आतड्यातलं पित्त त्या फुग्यांना टिकू देत नाही. मेणचट थर आणि ते फुगे एकत्र यायला फार वेळ लागला, असं मला मनापासून वाटतं.

पुढे कळलं की चिखलातल्या जिवांच्या चरबीचे लायपोसोम आम्लात आणि पित्तातही तग धरतात. त्यांत इन्सुलिन भरून ते तोंडावाटे देण्याचे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत. तुमच्या घरी रोज सुई टोचून घेणारं कुणी असेल, तर तो चंबू एकदा हातात घेऊन बघा. जपून, काच गरम आहे.