गुदद्वाराचा कर्करोग : रसायन-किरणोपचार

गुदद्वार व गुदनलिका यांच्या अस्तरातील शल्की पेशींपासून होणाऱ्या कर्करोगावरचा मुख्य उपचार. यात किरणोपचार (बोलीत ‘शेक’) आणि केमोथेरपी एकाच काळात देतात. या रोगामागे बहुतेकदा एचपीव्ही विषाणू, त्यातही १६ क्रमांकाचा प्रकार असतो. शौचावाटे रक्त पडले की मूळव्याधच, असे धरून मलमे लावण्यात अनेकांचे महिने वाया जातात.

१९७०च्या दशकापर्यंत यावर गुदाशय आणि गुदद्वार काढून टाकणे हाच मुख्य इलाज होता. अर्नेस्ट माइल्स या ब्रिटिश शल्यविशारदाने १९०८ मध्ये वर्णन केलेल्या या शस्त्रक्रियेनंतर शौचासाठी पोटावर कायमची पिशवी बाळगावी लागते. डेट्रॉइटचे शल्यविशारद नॉर्मन नायग्रो यांचाही शस्त्रक्रिया टाळण्याचा विचार नव्हता. तिचे यश वाढावे म्हणून ते आधी ५-फ्लुओरोयुरॅसिल, मायटोमायसिनच्या कुळातले औषध आणि किरण देत. १९७४ मध्ये त्यांनी तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांच्या कापून काढलेल्या भागात कर्करोग सापडलाच नाही. तिसऱ्याने शस्त्रक्रियेला नकार दिला, तरी त्याचा रोग गेला होता. पूर्वतयारी म्हणून दिलेले उपचारच पुरे पडले होते.

नुसते किरण पुरतील का, याचे उत्तर ब्रिटनमधील ‘ॲक्ट-१’ चाचणीने १९९६ मध्ये दिले : केवळ किरण घेतलेल्यांपैकी ५९ टक्क्यांत मूळ जागी रोग आटोक्यात राहिला नाही, जोड उपचारात हे प्रमाण ३६ टक्के होते. पुढे ‘ॲक्ट-२’मध्ये (२०१३) मायटोमायसिनऐवजी सिसप्लॅटिन वापरून पाहिले, पण ते सरस ठरले नाही.

त्या चाचणीत ५०.४ ग्रे किरण २८ भागांत, म्हणजे सुमारे साडेपाच आठवड्यांत दिले गेले. निळसर-जांभळे मायटोमायसिन पहिल्या दिवशी शिरेतून. ५-फ्लुओरोयुरॅसिल पहिल्या व पाचव्या आठवड्यात चार-चार दिवस अखंड. त्याऐवजी आता कॅपेसिटाबिनच्या गोळ्याही चालतात. काहींच्या शरीरात ही दोन्ही औषधे मोडणारे विकर जन्मतःच कमी असते. त्यांना नेहमीची मात्रा जिवावर बेतू शकते.

खरी कसोटी साधारण तिसऱ्या आठवड्यापासून लागते. जांघा आणि गुदद्वाराभोवतीची कातडी लाल होऊन सोलवटते, शौचाला बसणे नको वाटते, पांढऱ्या पेशी घटतात. कोमट पाण्याच्या टबात बसल्याने थोडा आराम पडतो. मात्र त्रास होतो म्हणून शेक मध्येच थांबवला, तर उरलेल्या पेशींना वाढायला वाव मिळतो. स्त्रियांत योनिमार्ग आक्रसणे आणि पाळी कायमची जाणे हे मागाहूनचे परिणाम. त्यांची कल्पना उपचारापूर्वीच द्यायला हवी, आणि नेमके तेच संकोचापोटी राहून जाते.

उपचार संपले तरी गाठ लगेच विरत नाही. ‘ॲक्ट-२’मध्ये उपचार सुरू झाल्यापासून ११ आठवड्यांनी शिल्लक दिसलेल्या बऱ्याच गाठी २६ आठवड्यांपर्यंत नाहीशा झाल्या. म्हणून गाठ वाढत नसेल तर घाईने तुकडा काढत नाहीत. सहा महिन्यांनीही ती उरली किंवा पुढे उलटली, तर मात्र शस्त्रक्रिया करावी लागते. किरण लागलेल्या जागी जखम नीट भरत नसल्याने पोटाचा वा मांडीचा स्नायू आणून पोकळी बुजवतात.