विद्युत स्क्रूड्रायव्हर (रेडिओ-नियंत्रित मोटारी)

रेडिओ-नियंत्रित मोटारींच्या बांधणीत वापरला जाणारा विद्युत स्क्रूड्रायव्हर हे बॅटरीवर चालणारे, एका हातात मावणारे व कमी वेगाने फिरणारे साधन आहे. सुट्या भागांच्या संचातून मोटार जोडताना, तसेच शर्यतीनंतर ती उघडून स्वच्छ करताना अनेकदा शंभराहून अधिक स्क्रू हाताळावे लागतात. हे काम हलके करणे हा त्याचा उद्देश होय. मात्र या मोटारींचे बरेचसे भाग नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचे असतात आणि स्क्रू बहुधा अवघे २ ते ४ मिलिमीटर व्यासाचे असतात. त्यामुळे निवड करताना सर्वाधिक जोर कोणत्या यंत्रात आहे यापेक्षा कमीत कमी जोरावर कोणते यंत्र थांबते, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. लाकूडकामासाठी उत्तम असलेले यंत्र येथे क्षणार्धात भागाचे आटे घालवू शकते.

== पार्श्वभूमी ==

ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीने १९६१ साली बॅटरीवर चालणारे ड्रिल बाजारात आणले. त्या काळातील निकेल-कॅडमियम बॅटऱ्या न वापरताही काही आठवड्यांत बऱ्याच उतरत असत. महिन्यातून एखाद-दोनदा मोटार उघडणाऱ्या छांदिष्टाला ऐन वेळी यंत्र मृतप्राय आढळे. २००३ साली बॉश कंपनीने इक्सो हा लिथियम-आयन बॅटरीचा लहान स्क्रूड्रायव्हर आणला. ही बॅटरी पडून राहिली तरी दीर्घकाळ भारित राहते. आज या वर्गातील बहुतेक साधनांत ३.६ व्होल्टचा एकच लिथियम-आयन घट असतो.

== मोटारींतील स्क्रू ==

कोणते साधन योग्य हे मोटारीत कोणते स्क्रू आहेत यावर बरेचसे अवलंबून असते. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ या मोटारीची १:१२ प्रमाणातील रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती आणली. तामियाच्या संचांत प्रामुख्याने फुलीच्या खाचेचे स्क्रू असतात. भारतीय बाजारात अशा स्क्रूंना ‘स्टार’ म्हणतात. परंतु सर्व ‘स्टार’ सारखे नसतात. जपानी मानकाची खाच आणि अमेरिकन फिलिप्स खाच दिसायला जवळपास एकच असल्या, तरी फिलिप्स टोक जपानी खाचेत तळापर्यंत बसत नाही. जोर लागताच ते वर उचलले जाते व खाचेच्या कडा कुरतडते. हाताने काम करताना हे निसटणे बोटांना जाणवते, यंत्राने मात्र कळेपर्यंत खाच गोल झालेली असते. जपानी मानकाच्या बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर ओळखीसाठी एक लहान ठिपका असतो. ३ मिलिमीटरच्या स्क्रूला क्रमांक २ चे, तर त्याहून बारीक स्क्रूंना क्रमांक १ चे टोक लागते.

शर्यतीच्या मोटारींत षट्कोनी खाचेचे, म्हणजे अ‍ॅलन कीने फिरणारे स्क्रू रूढ आहेत. त्यांपैकी ३ मिलिमीटरचा स्क्रू सर्वांत जास्त आढळतो. त्याचे डोके बुडीत किंवा घुमटाकार असल्यास २ मिलिमीटरची आणि उंच दंडगोलाकार असल्यास २.५ मिलिमीटरची की लागते. मोटरच्या दांड्यावर पिनियन घट्ट धरणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू ३ मिलिमीटरचा असला, तर त्याची खाच १.५ मिलिमीटरची असते. १:१० प्रमाणातील मोटारींच्या चाकांवर बहुधा ७ मिलिमीटर मापाचा नट असतो, तर १:८ च्या बहुतेक मोटारींत १७ मिलिमीटरचा.

जुन्या अमेरिकन मोटारींचा प्रश्न वेगळा आहे. टीम असोसिएटेड कंपनीची १९८४ सालची आरसी१० आणि तिच्या काळातील इतर अमेरिकन मोटारी इंची मापांच्या स्क्रूंनी जोडलेल्या असत. ५/६४ इंच म्हणजे सुमारे १.९८ मिलिमीटर. हे माप २ मिलिमीटरच्या इतके जवळ आहे की चुकीचे टोक खाचेत शिरते, थोडे फिरतेही, आणि मग कोपरे झिजवते. ३/३२ इंच (२.३८ मिलिमीटर) व २.५ मिलिमीटर या जोडीतील फरक हाताला तरी कळतो. जुनी मोटार दुरुस्तीस घेणाऱ्याने बिटांचे दोन्ही संच बाळगावेत, आणि ते वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत.

== जोर, वेग आणि क्लच ==

फिरवण्याचा जोर (टॉर्क) न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. सामान्य प्रतीचा ३ मिलिमीटरचा पोलादी स्क्रू धातूत आवळण्यास साधारण १.२ ते १.३ न्यूटन-मीटर पुरतात. प्लॅस्टिकमध्ये हे प्रमाण बरेच कमी असते. याउलट ३.६ व्होल्टचे अनेक स्क्रूड्रायव्हर ३ ते ५ न्यूटन-मीटर जोर देतात, आणि १२ व्होल्टच्या नावाने विकली जाणारी (प्रत्यक्षात १०.८ व्होल्टची) ड्रिले २० ते ३० न्यूटन-मीटरपर्यंत जातात. या वर्गातील सर्वांत लहान साधनसुद्धा गरजेच्या कित्येक पट बलवान आहे. ठोके देत फिरणारे इम्पॅक्ट ड्रायव्हर या कामासाठी सर्वथा अयोग्य होत.

म्हणूनच क्लच हा निवडीचा मुख्य निकष ठरतो. ठरावीक जोर गाठताच क्लच मोटर व टोक यांतील बंध सोडतो किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोटर थांबवतो. खरेदी करताना कड्यावर किती पायऱ्या आहेत याची जाहिरात होते, परंतु पाहायची ती सर्वांत खालची पायरी. ती एका न्यूटन-मीटरच्या वर असेल, तर उरलेल्या पायऱ्यांचा येथे उपयोग नाही. कड्यावरील १, २, ३ हे आकडे न्यूटन-मीटर दर्शवत नाहीत. त्यामुळे टाकाऊ प्लॅस्टिक भागावर एक-दोन स्क्रू बसवून कोणत्या आकड्याला यंत्र कोठे थांबते हे आधी तपासले जाते. क्लच नसलेले यंत्र वापरायचे झाल्यास डोके भागाला टेकण्यापूर्वीच बोट कळीवरून उचलावे लागते.

वेगाबाबतही असेच आहे. मिनिटाला २०० ते ४०० फेरे पुरेसे असतात. त्याहून पुष्कळ अधिक वेगाने स्क्रू शिरला, तर घर्षणाच्या उष्णतेने प्लॅस्टिक मऊ पडते व नुकतेच तयार झालेले आटे विरघळल्यासारखे होतात. कळ दाबण्याच्या प्रमाणात वेग बदलणारे यंत्र सोयीचे असते.

मोबाइल व घड्याळाच्या दुरुस्तीसाठी मिळणारे पेनाच्या आकाराचे स्क्रूड्रायव्हर या कामासाठी अनेकदा सुचवले जातात. त्यांचा विद्युत जोर न्यूटन-मीटरच्या काही दशांशांइतकाच असतो. आधीच आटे पडलेल्या धातूच्या भोकात त्यांनी स्क्रू भरभर उतरवता येतो, पण नव्या प्लॅस्टिकमध्ये आटे पाडत जाण्याइतके बळ त्यांच्यात नसते. नायलॉनची कडी असलेला लॉक नटही त्यांना पेलत नाही.

== बिट ==

यंत्रापेक्षा बिटावर अधिक खर्च करणे शहाणपणाचे मानले जाते. अमेरिकेतील एमआयपी, स्लोव्हाकियातील हुडी अशा कंपन्या याच छंदासाठी अचूक मापाचे, कठीण पोलादाचे लांब बिट बनवतात. त्यांची पकड बहुधा पाव इंची (६.३५ मिलिमीटर) षट्कोनी असते, पेनाच्या आकाराच्या साधनांत ती ४ मिलिमीटरची असल्याने हे बिट त्यांत बसत नाहीत. आखूड बिट खोलगट जागी पोहोचत नाही व यंत्राचे तोंड मोटारीच्या अंगाला घासते. गोल टोकाचे बिट तिरक्या कोनातून चालत असले, तरी खाचेला त्यांचा स्पर्श कमी होतो. त्यांनी शेवटचे आवळणे टाळावे. सपाट बिटाचे टोक झिजले, तर पाणी मारत सावकाश घासून ते पुन्हा चौरस करता येते.

== वापराची पद्धत ==

एकदा आटे पडलेल्या प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना तो प्रथम हाताने उलटा फिरवतात. जुन्या आट्यांत तो ‘टक’ असा किंचित खाली बसला की मगच सरळ फिरवतात. असे न करता थेट यंत्र लावल्यास जुन्यांवर नवे आटे कापले जातात, आणि दोन-तीन वेळा हे झाले की स्क्रू पकडच घेत नाही. पुष्कळ बांधणीकार यंत्राने स्क्रू डोके टेकेपर्यंतच नेतात व अखेरची पाव फेरी हाताने देतात. दांडा आपोआप कुलूपबंद होणाऱ्या यंत्रात ही पाव फेरी तेच यंत्र बंद ठेवून मनगटाने देता येते.

धातूत बसणाऱ्या स्क्रूंना कंपनाने सैल होऊ नये म्हणून आटे धरून ठेवणारा द्रव, म्हणजे थ्रेडलॉक, लावतात. पॉलिकार्बोनेटसारख्या काही प्लॅस्टिकांना त्याने तडे जातात, म्हणून तो धातूपुरताच वापरला जातो. थ्रेडलॉक लावलेला स्क्रू काढताना यंत्र लावू नये. डोक्यावर सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक काही क्षण टेकवून, जवळच्या प्लॅस्टिकला आच लागू न देता, तो हातानेच सोडवतात.