रोगणाचा शेवटचा हात

विमानाची छोटी प्रतिकृती करणाऱ्याचे काम पंख जोडून आणि रंग देऊन संपत नाही. रंगावर व चिन्हांवर पारदर्शक रोगणाचा एक शेवटचा हात द्यावा लागतो, आणि पंधरवड्याच्या श्रमांचे चीज होणार की मातेरे, हे त्या एका हातावर ठरते. पावसाळ्यात पणजीस अथवा बेळगावास ज्यांनी हे काम केले असेल, त्यांना पुढचा प्रकार सांगावयास नको. काचेसारखे चकाकणारे रोगण पाहता पाहता दुधाळ होते. गडद निळ्या पंखांवर दव गोठून बसावे तसे दिसते. मुले म्हणतात, डबा खराब निघाला. डबा बहुधा चांगलाच असतो. या पांढुरकेपणाला स्वतःचा इतिहास आहे, आणि त्याची वाट खेळण्यांच्या दुकानातून नव्हे, तर पहिल्या महायुद्धाच्या कारखान्यांतून जाते.

रंगकामावर पारदर्शक लेप देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. सावंतवाडीचे चितारी गंजिफांवर चित्रे काढून झाल्यावर त्यांवर लाखेचा लेप देतात, तो याच हेतूने. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुंदर झळाळी देते. परंतु ओलावा तिला सोसत नाही, ती पांढरी पडते. म्हणजे हा दोष लाखेच्या काळापासूनच कारागिरांच्या ओळखीचा होता. त्याची खरी परीक्षा मात्र विमान जन्मास आल्यावर झाली.

अल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने 18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसमधील त्युइलरी उद्यानात पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर एक लहानसे विमान सुमारे अकरा सेकंद उडवून दाखविले. मोठ्या विमानाच्या आधी छोटे विमान उडाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. राइट बंधूंच्या 1903 च्या विमानाचे सुती कापड काहीही न लावता तसेच ताणून बसविलेले होते. तथापि असे कापड दमट हवेत सैल पडते आणि त्यातून वाराही पाझरतो. म्हणून लवकरच त्यावर सेल्युलोजचे रोगण चढविण्याची रीत पडली. या रोगणास ‘डोप’ म्हणू लागले; रस्सा अथवा दाट सार अशा अर्थाच्या एका डच शब्दापासून हे नाव निघाले आहे. डोप वाळताना आकसते आणि कापड मृदंगाच्या पुडीसारखे ताठ होते. प्रतिकृती करणाऱ्यांनी हीच युक्ती उचलली. लाकडी काड्यांच्या सांगाड्यावर पातळ कागद चिकटवून त्यावर डोपचा हात देत, की कागद आपोआप ताणला जाई.

पहिले डोप सेल्युलोज नायट्रेटचे असे. ते दारूगोळ्याच्या नात्यातले. ठिणगी पडली की भडकावयाचे. म्हणून सेल्युलोज ॲसिटेटचे, सहजासहजी पेट न घेणारे डोप पुढे आले, आणि ते विरघळविण्यासाठी टेट्राक्लोरोइथेन हे द्रव्य वापरण्यात आले. तेही पेट घेत नाही, तेव्हा सारे जमले असे वाटले. परंतु 1914 मध्ये लंडनजवळच्या हेंडन येथील विमानाच्या कारखान्यात पंखांना डोप लावणारे कामगार काविळीने आजारी पडू लागले आणि त्यांत मृत्यूही झाले. द्रव्याची वाफ श्वासावाटे जाऊन यकृत नष्ट करीत होती. 1916 पासून इंग्लंडमध्ये अशा विषारी काविळीची नोंद सरकारकडे करणे कारखान्यांवर बंधनकारक झाले, आणि पुढे ते द्रव्य डोपमधून काढून टाकण्यात आले. आगीपासून वैमानिकाला वाचविणारे रोगण ते लावणाऱ्याच्या जिवावर उठले होते. बंद खोलीत रोगणाची पिचकारी मारू नये, हा नियम कोणा भित्र्या माणसाने बसून रचलेला नाही. खिडकी उघडा, असे मी मुलांना सांगतो तेव्हा ही हकीकतही सांगतो.

आता त्या पांढुरकेपणाकडे येऊ. हातावर स्पिरिट ओतले तर हात गार पडतो. रोगणातील द्रावक झपाट्याने उडून जातो तेव्हा पृष्ठभागही असाच गार पडतो. हवा दमट असेल, तर थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम सुटावा त्याप्रमाणे ओल्या रोगणावर सूक्ष्म जलबिंदू बसतात. सेल्युलोज नायट्रेट पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे पाणी शिरले तेथे ते बारीक कणांनी साकळते आणि मधे पोकळ्या राहतात. काच स्वच्छ असली तरी काचेचा चुरा पांढरा दिसतो. तसेच येथे होते. रोगणात पांढरे असे काहीच नसते. विखुरलेला प्रकाश तेवढा आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो.

याला उपाय एकच होता: सावकाश उडणारा द्रावक. तो मिळाला, पण कोणी रोगणासाठी शोधला म्हणून नव्हे. युद्धात कॉर्डाइट ही तोफांची दारू करण्यास ॲसिटोन हवे होते. मँचेस्टर येथील रसायनज्ञ हाइम वाइझमन यांनी जंतूंच्या साहाय्याने धान्याच्या पिठापासून ते आंबवून काढण्याची पद्धत बसविली. धान्याची चणचण भासली तेव्हा, 1917 मध्ये, इंग्लंडमधील शाळकरी मुलांकडून एका जातीच्या चेस्टनटची, खाण्यास निरुपयोगी अशी फळे गोळा करविण्यात आली. कशासाठी, हे मुलांना सांगितलेले नव्हते. (हेच वाइझमन पुढे 1949 मध्ये इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.) या आंबविण्यात ॲसिटोनच्या दुपटीने ब्यूटेनॉल नावाचे मद्यार्क निघे, आणि त्याचे करावयाचे काय हे कोणास ठाऊक नव्हते.

युद्ध संपल्यावर पारडे फिरले. ब्यूटेनॉलपासून होणारे ब्यूटिल ॲसिटेट मंद गतीने उडते, पृष्ठभागास एकदम गार पडू देत नाही, आणि सेल्युलोजही चांगले विरघळविते. 1923 मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीचे ‘ड्यूको’ रोगण जनरल मोटर्सच्या ओकलँड गाड्यांवर चढले, ते या द्रावकांच्या बळावर. पूर्वी गाडीचा रंग वाळण्यास आठवडे लागत, ते काम काही तासांवर आले. तोफांच्या दारूबरोबर निघालेले हे नकोसे द्रव्य अशा रीतीने मोटारींच्या आणि नंतर प्रतिकृतींच्याही रोगणात येऊन बसले. आज दमट दिवसासाठी जे ‘रिटार्डर’ मिसळलेले थिनर विकत मिळते, त्याचे तत्त्व हेच आहे.

सगळ्याच प्रतिकृतींना झळाळी हवी असे मात्र नाही. 1942 साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील मुलांकडून विमानांचे पाच लाख लाकडी नमुने मागविले. शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते, हे सैनिकांनी आकारावरून ओळखावे यासाठी ते होते. प्रमाण बहात्तरास एक. पस्तीस फुटांवरून असा नमुना पाहिला, तर खरे विमान 2520 फुटांवरून, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मैलावरून दिसावे तसा दिसतो. रंग काळा. इतक्या लहान वस्तूवर प्रकाश चमकला की ती खेळण्यासारखी भासते; खऱ्या लढाऊ विमानाचा कोरडा रंग साधावयाचा तर चकाकी मारावी लागते.

त्याकरिता रोगणात वाळूच्याच जातीची, सिलिकाची, अत्यंत बारीक पूड घालतात. पृष्ठभाग खडबडीत होतो, प्रकाश विखुरतो, चकाकी जाते. परंतु डबा नीट हलविला नाही, किंवा हात जाड बसला, तर ही पूड पंखांच्या खोबणीत साचते आणि पिठासारखी दिसते. म्हणजे पुन्हा पांढरे, पण या वेळी पाण्याचा संबंध नाही! दुरुस्त करू पाहणाऱ्याची फसगत होते ती येथेच. ब्रिटनमधील ‘फ्रॉग’ने 1936 मध्ये ‘पेंग्विन’ नावाने सेल्युलोज ॲसिटेटची जोडावयाची विमाने काढली, एअरफिक्सचे पॉलिस्टायरीनचे स्पिटफायर 1953 मध्ये आले, आणि अशा संचांतून पाण्यात भिजवून चिकटवावयाची चिन्हे रूढ झाली, तेव्हा आणखी एक पांढुरकेपणा आला. खडबडीत रंगावर ही चिन्हे बसविली की खाली हवा कोंडते आणि कडेला चंदेरी झाक मारते. त्यावर कितीही रोगण चढविले तरी हवा आतच राहते. म्हणून जाणते लोक आधी चकचकीत रोगण देतात, मग चिन्हे, आणि सर्वांत शेवटी हवे तर कोरडे रोगण.

पाणी असो, पूड असो की हवा, पोकळी भरली की पांढरेपणा जातो. पुडीचा दोष असल्यास वरून चकचकीत रोगणाचा पातळ हात दिल्याने तो बहुधा लपतो. चिन्हाखालची हवा असेल, तर सुईने बारीक टोचून चिन्ह मऊ करणारे पाणी आत जाऊ द्यावे. दमटपणाने दुधाळलेल्या सेल्युलोजच्या रोगणास मात्र खरवडण्याची घाई करू नये. पॉलिस्टायरीनला तीव्र थिनर खाऊन टाकते, हे ध्यानात ठेवून, पावसाची झड थांबून ऊन पडलेल्या दुपारी, वीतभर अंतरावरून मंद थिनरचा केवळ तुषार धरावा, न ओघळेल इतकाच. साकळलेले कण पुन्हा विरघळतात, पाणी उडून जाते, आणि खालचा निळा रंग हळूहळू वर येतो.