पूर्वेला महू, दक्षिणेला नाला

आजीला साल सांगता येत नसे. जमिनीच्या चारी बाजू मात्र तिच्या तोंडी पक्क्या होत्या. पूर्वेला महूचं झाड, दक्षिणेला नाला, पश्चिमेला गावदेवाची वाट, वरच्या अंगाला दिराचं शेत. शहादा तालुक्यातलं, गोमाईकाठचं आमचं गाव. आम्ही भिल्ल. मला कळायला लागलं तेव्हा घरची दोन्ही शेतं, नदीकडचा मळा आणि वरचं माळाचं शेत, दुसऱ्याच्या नावावर गेलेली होती आणि बा त्यांच्यावरच मजुरीला जात होता.

जमीन कशी गेली, हे आजी हिशेब द्यावा तसं सांगे. पावसाळ्याच्या तोंडी घरात दाणा नसे. मग पाटलाच्या खळ्यावरून ज्वारी आणायची, सुगीला दिढीने फेडायची. फिटली नाही की पुढच्या साली दिढीवर दिढी. त्या फेडीसाठी आजा सालदार राहिला. सालदार म्हणजे वर्षभर दिवसरात्र मालकाचा. आजारी पडला तर तेवढे दिवस हिशेबातून वजा. शेवटी एकदा बैलगाडीतून त्याला तालुक्याला नेलं आणि ‘गहाणाचा कागद आहे’ असं सांगून अंगठा घेतला. कागद खरेदीखताचा होता. त्या दिवशी आजाला पोटभर जिलेबी खाऊ घातली, हे आजी दर वेळी सांगायची. किती एकर गेली, हे कधीच नाही.

इंग्रजांनी १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, हे मी शाळेच्या बाहेर, फार उशिरा वाचलं. पुस्तकांत आम्ही बंडखोर नाहीतर शिपाई असतो. आमच्या घरात लढाई झालेलीच नव्हती, शाईची डबी पुरली होती.

बाच्या गोष्टी मात्र सालासकट असत, कारण त्या चळवळीच्या होत्या. १९७१च्या मे महिन्यात पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर हल्ला झाला, त्यात एक जण मेला. त्यानंतर गावोगाव अंबरसिंग सुरतवंतींचं नाव ऐकू येऊ लागलं. पाडळद्याचा हा भिल्ल तरुण सर्वोदयाच्या कामातून आला होता. लोक त्याला महाराज म्हणत. १९७२च्या जानेवारीत शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. बा मेळाव्याला चालत गेला होता. तिथली भाषणं त्याला आठवत नसत. आठवे ते इतकंच, की भोवती बसलेल्या अनोळखी गावच्या माणसांकडेही आपलीच गोष्ट निघाली: खळं, दिढी, अंगठा. तोवर तो समजत होता की आपला बाप एकटाच फसला.

या दबावातून महाराष्ट्रात दोन कायदे आले. एकाने आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जायला बंदी घातली. दुसरा, १ नोव्हेंबर १९७५पासून लागू झालेला, गेलेली जमीन परत देण्याचा. पण त्याला दोन टोकं होती. हस्तांतर १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातलं हवं. १ एप्रिल १९५७ म्हणजे कूळकायद्यातला कृषक दिन, कसणारा मालक झाला तो दिवस. राज्याला तिथून मोजणं सोयीचं वाटलं असेल. आमच्या घराचे मात्र त्या तारखेने दोन तुकडे केले.

आता आजीकडे साल मागायची वेळ आली. ती म्हणाली, मळा गेला तेव्हा तुझा बाप रांगत होता. माळाचं शेत गेलं तेव्हा तो गुरं वळत होता. बाने तिची आठवण घेऊन तलाठ्याचं दप्तर गाठलं. फेरफाराच्या नोंदी निघाल्या आणि आजीचं बोलणं दोन्हीकडे खरं ठरलं. मळा कृषक दिनाच्या आधीच गेलेला होता. तो कायद्याबाहेर. माळाचं शेत कायद्यात बसलं.

फुकट काही नव्हतं. जमीन स्वतः कसण्याची हमी लिहून द्यायची, वर शेतसाऱ्याच्या ४८ पटींपर्यंत रक्कम आणि मालकाने केलेल्या सुधारणांची किंमत हप्त्यांनी भरायची. सुधारणा म्हणजे आमच्या बाबतीत विहीर. ती बाने आणि त्याच्या भावांनीच रोजावर खणली होती! कायद्याचं हे कलम लिहिणाऱ्याला त्यात काही विचित्र वाटलं नसावं. मला अजून वाटतं.

सातबारा आधी आला, ताबा पुष्कळ उशिरा. कायद्यालाच आव्हान दिलं गेलं होतं. १९८४च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. ताबा मिळाला तेव्हा महू तोडलेला होता. आजीने पावलं मोजून त्याची जागा दाखवली आणि बाने तिथे बांधाचा दगड रोवला. मोजणीदाराची खूण हातभर अंतरावर पडली. माझ्या मते आजीची बरोबर होती, पण मी नातू आहे.

जंगलाची जमीन कसणाऱ्यांसाठीचा वनहक्क कायदा पुढे आला, २००६चा. त्याचे २००८चे नियम वाचताना मी एका ओळीवर थांबलो. दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब तिथे पुरावा म्हणून चालतो. बांध, जुन्या विहिरी, दफनाच्या आणि देवाच्या जागाही चालतात. आमचे काही भाऊबंद सातपुड्याच्या पायथ्याला फॉरेस्टची जमीन कसतात. त्यांच्या दाव्यांसाठी मी म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले. कायद्याच्या अटीप्रमाणे १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून कसताय का, हे विचारायचं होतं. म्हातारे सांगत ते कुणाचं लग्न, कुठला दुष्काळ, कुठल्या साली फॉरेस्टवाल्यांनी बैल नेले. मी तसंच लिहिलं, आणि कंसात अंदाजे साल टाकलं.

चुलतभावाचा दावा मंजूर झाला, पण कसतो त्याच्या निम्म्याहून कमी क्षेत्राचा. जबाबात उतार नाल्यापर्यंत आहे, प्रमाणपत्रात तो मध्येच संपतो. जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज केला आहे. नाला दाखवायला तयार असलेला एक म्हातारा अजून धडधाकट आहे, म्हणून स्थळपाहणी पावसाच्या आधी व्हावी असं आम्ही त्यात लिहिलं आहे.