फोकानियाच्या तुळया

औरंगाबादनं राहत्या महालांची विद्यालयं केली, तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. मलिक अंबरच्या नौखंडा महालात मुलींचं महाविद्यालय भरलं. किलेअर्क हा औरंगजेबाचा राहता किल्ला. १९२३ साली निजामाच्या राज्यात निघालेलं इंटरमिजिएट कॉलेज, म्हणजे आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय, त्याच आवारात आहे. बाबासाहेबांचं मिलिंद महाविद्यालयसुद्धा १९५० साली आधी छावणीतल्या लष्करी बराकींत भरायचं. वर्ग भरले तिथं छप्पर शाकारलं गेलं. किलेअर्कातला मर्दाना महाल मात्र कुणाच्या कामाचा उरला नाही. त्याच्या भिंतींतून आता झाडं वाढली आहेत.

शाळेचं घर करायचं म्हटलं की मात्र आपण दचकतो. मी माझ्या चुलत्यांपुढे हे बोलून पाहिलं, तेव्हा ते म्हणाले, “अरे, झालंय की आधीच. वर बघ.” त्यांच्या ओसरीवरची तुळई आबांच्या शाळेची निघाली.

आबा, म्हणजे माझे आजोबा, तालुक्याच्या गावी शिकले. निजामाच्या राज्यात प्राथमिक शाळा म्हणजे तहतानिया, मधली वस्तानिया आणि मोठी फोकानिया. त्या गावात फोकानिया होती, याचा आबांना मरेपर्यंत अभिमान होता. घरात मराठी, शाळेत उर्दू. हेडमास्तरांना सदर मुदर्रिस म्हणायचं, आणि मोहतमिम तालिमात, म्हणजे शिक्षण खात्याचे अधिकारी, तपासणीला यायचे त्याच्या आदल्या दिवशी सगळ्या पोरांनी मिळून अंगण सारवायचं. भूगोल उर्दूतून पाठ केल्यामुळे गोदावरीच्या उपनद्या म्हाताऱ्याला उर्दूतच आठवायच्या. आज्जी त्यावर हसायची.

आबांच्या गोष्टींत वर्ग कमी आणि रात्री जास्त असायच्या. खेड्यांवरून आलेली पोरं वारानं जेवायची, सोमवार देशमुखांकडे, मंगळवार वाण्याकडे, आणि झोपायला शाळेच्या ओसरीवर. शिपाई कुटुंबासह मागच्या खोलीत राहायचा. त्याच्या बायकोची चूल पेटली की उठायची वेळ झाली असं पोरं समजायची. एकदा रात्री पाऊस ओसरीवर आला, तेव्हा सदर मुदर्रिसांनी स्वतः वर्ग उघडून दिला. “त्या माणसानं आमच्या अंगावर सतरंजी टाकली,” आबा सांगायचे. पुढे रझाकारांच्या दिवसांत घरचे सरहद्द ओलांडून मनमाडकडे गेले. परतले ते सप्टेंबर १९४८ नंतर. शाळा तीच होती, फळ्यावर मराठी आली होती.

म्हणजे ती इमारत रात्री घरच होती. हे मला आबा गेल्यावर सुचलं.

इमारत काही वर्षांपूर्वी गेली. जिल्हा परिषदेच्या कागदांत त्याला निर्लेखन म्हणतात: इमारत वापरास अयोग्य ठरवायची, किंमत काढायची, पाडायची, माल लिलावात विकायचा. भीती खोटी नव्हती. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. त्यानंतर जुन्या छताखाली पोरं बसवायला कोण धजेल? पण या इमारती म्हाताऱ्या झाल्या म्हणून पडत नाहीत. कडीपाटावर पांढऱ्या मातीचं माळवद असतं. दर उन्हाळ्यात त्यावर नवी माती घालून ते चोपायचं असतं. दोन-चार पावसाळे ते राहून गेलं की पाणी आत मुरतं आणि तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं. त्यात कुणीतरी चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतो. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट तिला आत कोंडतं. भिंत बाहेरून नवी दिसते आणि आतून भुसभुशीत होते.

लिलावाच्या दिवशी गावातल्या बऱ्याच जणांनी सागवान उचललं. चौकटी एकाच्या शेतघराला लागल्या, घडीव दगड दुसऱ्याच्या जोत्यात गेले, तुळई चुलत्यांकडे आली. शाळेची घरं अशी तुकड्यातुकड्यांनी झाली. मला यातल्या कुणाला दोष द्यायचा नाही. सागवान वाया गेलं नाही, एवढं खरं. पण तेच छप्पर एकसंध ठेवून त्याखाली माणसं राहिली असती, तर?

अमेरिकेत जुन्या शाळांचे फ्लॅट होतात; उंच छत, मोठ्या खिडक्या, एका वर्गात एक घर. नोंदलेली ऐतिहासिक वास्तू अशी भाड्याच्या वापरात आणली, तर खर्चाच्या २० टक्के रकमेची सूट केंद्रीय करात मिळते. आपल्याकडे ‘पुनर्विकास’ म्हटलं की आधी जेसीबी दिसतो. २०११ साली रस्ता रुंदीकरणात दमडी महाल गेला, तेव्हा औरंगाबाद शहरानं हे पाहिलं आहे.

जुन्या शाळांच्या घरांसाठी मला ग्राहक वेगळाच सुचतो. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत विचारलं, की शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत, मग घरभाडे भत्ता कशाचा? शिक्षक चिडले, मोर्चे निघाले. खेड्यात शिक्षकानं राहावं असं घर कुठं आहे, हे फारसं कुणी विचारलं नाही. उभ्या असलेल्या निजामकालीन शाळांत मुलं बसवायची नसतील तर नसोत; मजबुती करून तिथं शिक्षकांची बिऱ्हाडं थाटावीत. दोन फुटी भिंतींच्या खोल्या मे महिन्यातही गार राहतात.

चुलते पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले. त्यांना कल्पना पटली, पण पहिली अट त्यांनीच घातली. माळवदावर पाण्याची टाकी नको. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन. आणि आपल्या भागात नळाला रोज पाणी नसतं, टाकीशिवाय बिऱ्हाड करणार कोण? मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर अंगणातला लोखंडी मनोरा काढून दाखवला, आणि पाया किती खोल लागेल यावर संध्याकाळपर्यंत बोलत राहिले.